गुलाबरावांच्या पोटातलं गाव

आमच्या टेंभरगव्हाणात सगळ्याला रांग आहे. पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, लग्नात पहिली पंगत कोणाची, गावजेवणात बुंदी कोणाच्या पत्रावळीवर आधी पडायची, हे कुठं लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना पाठ आहे. आधी पाटीलपुरा, मग माळीपुरा, मग मोमीनपुरा, आणि कढई खरवडायची वेळ आली की भीमनगर. मी भीमनगरची. रांगेचं शेवटचं टोक कसं दिसतं हे मला कोणी सांगायला नको.

म्हणून ग्रामपंचायतीची वेबसाइट बनवायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी एक गोष्ट पक्की केली. माझ्या वस्तीचं पान कोणाच्या खाली जाणार नाही. बाकी रंग कोणता पाहिजे तो द्या.

काम माझ्याकडं आलं ते काही माझ्यावरच्या प्रेमानं नाही. उंद्रीच्या रस्त्याला माझं ऑनलाइन सेंटर आहे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरापोरींचे परीक्षेचे फॉर्म, सगळं गाव माझ्यासमोर येऊन बसतं. वेबसाइटचं सॉफ्टवेअर मी माझं मीच शिकले. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, तसं करायचं, साइट मोडायची, पुन्हा उभी करायची. मोडल्याशिवाय काही येत नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते. ग्रामसेवकांना वरून निरोप आला की गावाची साइट पाहिजे. त्यांनी चिखलीत चौकशी केली, तिथला माणूस गावात यायलाच तयार नाही. मग त्यांना रस्त्यावरचं सेंटर दिसलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या सॉफ्टवेअरमध्ये वेबसाइट म्हणजे नुसती पानं. पासवर्ड टाकून मागच्या दारानं आत जायचं, पान लिहायचं, 'प्रकाशित करा' दाबायचं, की ते जगाला दिसतं. 'मसुदा' केलं की पान आत राहतं, जगाला दिसत नाही. आणि प्रत्येक पानाच्या बाजूला एक रकाना असतो: मूळ पान. म्हणजे हे पान कोणाच्या पोटात ठेवायचं. 'जन्माचा दाखला' हे पान 'दाखले' या पानाच्या पोटात. यावरूनच वरचा मेनू आपोआप तयार होतो. साधं घर लावण्यासारखं काम आहे. चपला कुठं, हंडा कुठं. पण चपला कुठं ठेवायच्या आणि हंडा कोणी शिवायचा यावरच तर आपल्याकडं माणसं मेली आहेत.

मी पानं कामानं लावली. पाणी. दाखले. शाळा. दवाखाना. बाजार. तक्रार. भीमनगराचं पान बाकी तिन्ही पुऱ्यांच्या बरोबरीनं, एका ओळीत. माणूस साइटवर येतो तो कोणाचा मान पाहायला येत नाही. त्याला नळ आज येणार की नाही ते पाहिजे असतं.

मग एका सकाळी गुलाबराव आले.

गुलाबराव म्हणजे सरपंच रुखमाबाईंचे नवरे. सही रुखमाबाईंची, खुर्ची गुलाबरावांची. मागं पुतण्या प्रेम. प्रेमचं उंद्रीत फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, आजूबाजूच्या चौकांत जेवढे चेहरे लटकतात ते सगळे याच्या मशीनमधून निघतात. कोणाचा फोटो केवढा, कोणाचा वर गोलात, कोणाचा खाली शुभेच्छुकांच्या दाटीत, हे त्याला झोपेतून उठवून विचारा.

गुलाबरावांनी वाकून स्क्रीन पाहिली.

"महामाया, हे काय वं? पाणी, दाखले, दवाखाना. याच्यात गाव कुठी हाय?"

"हेच गाव हाय, गुलाबभाऊ."

"अन् माहा फोटो?"

"सरपंचबाईचा टाकला. पदाधिकाऱ्यायच्या पानावर."

"तिचा? तिले कोण ओयखते?" ते हसले. प्रेमही हसला, काका हसले म्हणून. "या गावचं पाणी कोण पाहते? मी. लाइट गेली तं फोन कोणाले येते? मले. अन् साइटवर माहा पत्ताच नाही!"

"पाह्य," प्रेम म्हणाला आणि माझ्या टेबलावर बोटानं फ्लेक्स काढायला लागला, "सगळ्यात वर काकाजी. त्यायच्या खाली सरपंच. मंग पाटीलपुरा, मंग माळीपुरा, मंग मोमीनपुरा. एकाखाली एक. मान दिसला पाह्यजे."

"अन् भीमनगर?"

"हाय ना. शेवटी."

"शेवटी काऊन?"

दोघांना प्रश्नच कळला नाही. सोंग नव्हतं ते, खरंच कळला नाही. दगड खालीच का पडतो असं विचारल्यासारखे ते माझ्याकडं पाहत राहिले.

"काऊन म्हंजे?" गुलाबराव म्हणाले. "रीत हाय. पोया असाच फुटते, गाव असंच बसते."

"मंग पोयाले करा ते. माह्या साइटवर बैलं नाही उभे करायचे."

"तुही साइट? तुही कवापासून झाली वं? पंचायतीची हाय ते. अन् पंचायत म्हंजे कोण?"

"रुखमाबाई."

हे बोलायला नको होतं, असं सेंटरवरच्या चार लोकांनी मला नंतर सांगितलं. मी म्हणते, बोलायचं होतं ते एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले. खुर्चीत बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले. प्रेमला अॅडमिन करा, तुम्ही फक्त मजकूर टाका. म्हणजे पान लिहायचं मी, ते कुठं ठेवायचं हे ठरवायचं त्यानं. मला नवल वाटलं नाही. आमच्या आयांनी हेच केलं, पुऱ्यांमधली घरं बाहेरून लिंपली आणि उंबऱ्याच्या अलीकडून परत आल्या.

मी प्रेमला अधिकार दिले आणि समोर बसवून सांगितलं.

"ऐकजो प्रेम. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं अशी शिडी लावशीन, तं वरचं पान मसुद्यात घेऊ नको. वरचं झाकलं की पोटातलं समदं झाकते."

"मले नको शिकवू तू. आजवर किती फ्लेक्स काढले माहीत हाय?"

"फ्लेक्सच्या पोटात काही राहत नाही बे. म्हणून तं तो वाऱ्यानं फाटते."

तो खुर्ची सरकवून निघून गेला.

शिडी त्यानं बांधलीच. सगळ्यात वर नवीन पान: 'मा. गुलाबराव, गावाचे आधारस्तंभ'. त्याच्या पोटात 'सरपंच'. सरपंचाच्या पोटात पाटीलपुरा, पाटीलपुऱ्याच्या पोटात माळीपुरा, त्याच्या पोटात मोमीनपुरा, आणि तळाला भीमनगर. माझी कामाची पानं त्यानं तोडून जमेल तिथं कोंबली. पाणी पाटीलपुऱ्यात गेलं, कारण टाकी तिथं आहे. दवाखाना माळीपुऱ्यात. आता गावातल्या बाईला नळाची पाळी पाहायची तर आधी गुलाबरावांचं तोंड पाहायचं, मग रुखमाबाईंचं, मग पाटीलपुऱ्याच्या वेशीतून आत शिरायचं. हे मुद्दाम केलेलं नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग येतो. त्याला 'मूळ पान' हा रकाना दिसला आणि त्यानं बिनचूक गाव भरलं. त्याच्या डोक्यात गाव असंच आहे.

माझी आई जनकाबाई. नजर चांगली, जीभ त्याहून चांगली. तिच्या मोबाइलवर मी साइट उघडून दिली आणि म्हटलं, आपल्या वस्तीचं पान काढ. ती बोटानं दाबत गेली.

"हा कोण? गुलाब्या. अजून दाबू?"

"दाब."

"हे रुखमा. पुन्हा? हा पाटीलपुरा. पुन्हा? माय वं." ती थांबली. "पोट्टे, आपल्या घरी याले मोबाइलवरबी पाटीलपुऱ्यातूनच या लागते का?"

"हाव."

"मंग चपला हातात घेऊ का?"

आई हसली. मला हसू आलं नाही. ती लहान असताना तिच्या बापाला त्या गल्लीतून चपला हातात घेऊन जाताना पाहिलं होतं तिनं. ती गल्ली आता सिमेंटची झाली, चपला कोणी काढत नाही, आणि प्रेमनं दोन बोटांनी ती जुनी वाट पुन्हा आमच्या मोबाइलवर आणून बसवली. मी ठरवलं, ग्रामसभेत उठायचं. मागं बसून कुजबुजायचं नाही, अर्जबिर्ज करायचा नाही. उभं राहून विचारायचं.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये होती. पंचायत समितीचे एक साहेब आले होते, साइट पाहायलाच. शाळेचा प्रोजेक्टर लावला, भिंतीवर साइट उघडली. लॅपटॉपवर प्रेम. सरपंचाच्या खुर्चीवर आज रुखमाबाई, कारण साहेब होते. शेजारी गुलाबराव, नवा फेटा बांधून.

भिंतीवर पहिलं पान आलं. आधारस्तंभ. फोटो कोणत्या तरी लग्नातला, बुशशर्ट घातलेला, हातात जेवणाची पत्रावळ, तोंड अर्धं भरलेलं.

मागून कोणी तरी म्हणालं, "स्तंभ जेवून राह्यला!"

हॉल हसला. गुलाबराव प्रेमच्या कानाशी गेले, पण त्यांचा कानातला आवाजही शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"हा कोणता फोटो लावला बे? काढ पह्यले! फेट्यातला लाव."

"आत्ता लावतो, काकाजी. तवरोक पान झाकून ठेवतो."

त्यानं 'मसुदा' दाबलं.

भिंत पांढरी झाली. गुलाबराव गेले. सरपंच गेल्या. पाटीलपुरा, माळीपुरा, मोमीनपुरा, भीमनगर, पाणी, दाखले, शाळा, सगळं गेलं. वर नुसतं गावाचं नाव राहिलं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'येथे दाखवण्यासाठी कोणतेही पान नाही.'

जहांगीरचाचा, जळालेल्या पाणमोटारी भरून देण्याचं दुकान आहे त्यांचं, पुढच्या रांगेतून म्हणाले, "अरे भाई, गाव किधर गया?"

मग जो हशा झाला तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. प्रेम लॅपटॉपवर वाकला. "उडालं," तो म्हणाला. "काकाजी, समदं उडालं."

मी उठले.

"काही नाही उडालं. गाव जाग्यावर हाय. गुलाबभाऊचं पान झाकलं, अन् प्रेमनं समदं गाव त्यायच्या पोटात ठेवलं होतं. पोट झाकलं, गाव झाकलं. म्या सांगतलं होतं याले, समोर बसवून."

"बरं बरं," गुलाबराव म्हणाले. "प्रेम, मले परत टाक. तोच फोटो राहू दे."

प्रेमनं बोट नेलं. एक टिचकी मारली असती तर सगळं परत आलं असतं, होतं तसं, आणि मी उभी राहून ओरडत बसले असते.

"थांब रे प्रेम," रुखमाबाई म्हणाल्या.

रुखमाबाई घरात कशा बोलतात ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. सभेत त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

"महामाया, माहं पान कुठी होतं?"

"गुलाबभाऊच्या पोटात, वैनी."

"सरपंच मी हाय का ते?"

"तुमी."

"मंग मी यायच्या पोटात काऊन हाय?"

गुलाबराव म्हणाले, "काऊन म्हंजे?" आणि पुढं थांबले. रीत म्हणायची होती त्यांना. साहेब बसलेले, गाव बसलेलं, भिंत कोरी. रीत तोंडातून बाहेर आली नाही.

"सकायपासून आरशापुढं फेटा बांधून राह्यले," रुखमाबाई म्हणाल्या, "अन् इकडं गावाचा पत्ता नाही." मग ग्रामसेवकांकडं वळल्या. "महामायाले द्या परत. काय म्हणता त्याले, अॅडमिन. आत्ता द्या."

ग्रामसेवकांनी गुलाबरावांकडं पाहिलं.

"तिकडं काय पाहता? कागदावर सही माही लागते ना?"

साहेबांनी खाली मान घालून चष्मा पुसला. लॅपटॉप माझ्याकडं आला.

मी बसण्याआधी बोलले. "मी लावते. इथीच लावते, समद्यायच्या पुढं, भिंतीवर. अन् आधीच सांगते, भीमनगर कोणाच्या पोटात जाणार नाही. कोणाचंच गाव कोणाच्या पोटात जाणार नाही. ज्याले पटत नसन त्यानं आत्ता बोलावं. मांगून चौकात नाही."

पाटीलपुऱ्याचे नारायणराव उठले. म्हातारा माणूस, गावात त्यांच्या शब्दाला वजन.

"मंग पाटीलपुरा कोणाच्या खाली?"

"कोणाच्याच नाही, आबा."

"मंग वर कोण?"

"पाणी."

ते थोडे घुटमळले. पाण्याशी कोणत्या नात्यानं भांडावं हे त्यांना सुचेना. "पाण्याले तं काही म्हणता येत नाही," असं म्हणत ते बसले.

मी एकेक पान उचललं, मूळ पान रिकामं केलं, मोकळं सोडलं. भिंतीवर सगळ्यांना दिसत होतं. शिडी एकेक पायरी निखळत होती. पाणी वर आलं. दाखले. दवाखाना. प्रेम माझ्या बाजूला उभा होता. मधेच हळू म्हणाला, "मूळ पान म्हंजे मले वाटलं मोठा कोण ते."

"समद्यायलेच वाटते."

मग पाण्याच्या पानावर आले आणि पुन्हा घोडं अडलं. त्या पानात चारही वस्त्यांची नावं, कोणाला नळ कधी. वर कोण? हॉलमध्ये एकदम गलका. पाटीलपुऱ्याचे म्हणे टाकी आमच्यात. माळीपुऱ्याचे म्हणे पाइप आमच्यातून. भीमनगरातून मागच्या रांगेत कोणी तरी ओरडलं, आमची पाळी पाहुणे आले की पुढं ढकलता, निदान नाव तरी वर टाका. मी म्हटलं, नाही. आपलं नाव कायमचं वर टाकलं तर मी आणि प्रेम सारखेच.

जहांगीरचाचांच्या बायको हुस्नबानो भांडणात कधीच पडत नाहीत. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "जिसका नल आज, उसका नाम ऊपर. कल नीचे. उसमें क्या लडना?"

इतकं साधं होतं की रागच यावा. सॉफ्टवेअरला तसं लावता येतं. पाळीची तारीख टाकायची, आजचं नाव आपोआप वर येतं, काम झालं की तळाला जातं. मी लावलं. भिंतीवर त्या दिवशी मोमीनपुरा वर आला. जहांगीरचाचांनी उगाच मिशीवरून हात फिरवला. "आज आपन पाटील," ते म्हणाले, आणि नारायणरावसुद्धा हसले.

"अन् मी?" गुलाबराव म्हणाले. फेटा आता जरा तिरपा झाला होता. "मी कुठी हाय याच्यात?"

"हाय ना, गुलाबभाऊ. तुमीच म्हणले होते, या गावचं पाणी मी पाहतो. पाण्याच्या पानावर खाली लिहिलं, नळ नाही आला तं फोन करा. नंबर तुमचा टाकू?"

ते रुखमाबाईंकडं पाहायला लागले.

"टाक," रुखमाबाई म्हणाल्या. "अन् मोठ्या अक्षरात टाक."

मी 'प्रकाशित करा' दाबलं.

आता साइट चालू आहे. गाव ती उघडतं, कारण तिच्यात नळ आहे. गुलाबरावांचा फोन सकाळी सुरू होतो तो दुपारपर्यंत थांबत नाही. चौकात उचलला तर "हाव, पाहतो" म्हणतात आणि बाजूला जाऊन व्हॉल्व्हवाल्याला शिव्या देतात. फेट्यातला फोटो प्रेमनं फ्लेक्सवर काढला, तो बसथांब्यावर लटकतो आहे, माझी काही तक्रार नाही. प्रेम मधून मधून सेंटरवर येतो आणि मेनू कसा लावतात ते विचारतो. शिकवते. आधी चहा पाजायला लावते.

परवा आईनं सकाळी साइट उघडली. एकदाच दाबलं. पाणी. यादीत भीमनगर सगळ्यात वर.

"आज आपण वर?"

"वर."

"उद्या?"

"उद्या तळाले. मंग माळीपुरा वर."

"पाटीलपुराबी तळाले जाते?"

"जाते. काल गेला होता."

तिनं नावाकडं पाहिलं, मग दारातल्या नळाकडं. नळ कोरडा. पाटीलपुऱ्यात कोणाकडं तरी साखरपुडा होता आणि मांडवात टँकर लावायला कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून आमचं पाणी तिकडं वळलं होतं. मी फोन उचलणार, तोवर तिनं खालच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं होतं.

"गुलाबराव? भीमनगरातून जनकाबाई बोलून राह्यली. मोबाइल उघडा बरं तुमचा. आज आमचं नाव वर हाय." ती थोडं ऐकत राहिली. "साखरपुडा असन बाप्पा, पोरीले आशीर्वाद सांगा. पाणी सोडा."